बिनतारी संदेश आणि परके कान

भिंतीलाही कान असतात, असे आपण म्हणतो. बिनतारी संदेशाला तर भिंतच नसते. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्यास काही कळत नसे. आकाशात सोडलेल्या लहरींवर असा रुमाल कसा घालावयाचा? आपल्या देशात हा प्रश्न एकदा जिवावर बेतला होता.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या अमरावती जिल्ह्यालगत, वर्धा नदीपलीकडे आष्टी येथे आणि त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूर येथे रक्त सांडले. वर्तमानपत्रांवर बंधने होती. २७ ऑगस्ट रोजी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही त्यामागची मंडळी, डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यांस साहाय्य होते. आष्टी-चिमूरची हकिगत याच केंद्राने देशास ऐकविली.

पेच असा होता की, वाणी सर्वांनी ऐकावी, परंतु ती कोठून येते हे पोलिसांस कळू नये. दिशाशोधक यंत्र लहरींची दिशा सांगते. दोन ठिकाणांहून मिळालेल्या दिशा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. पोलिसांची गाडी कोठे आहे, तिचे यंत्र किती तीक्ष्ण आहे, हे या मंडळींस ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणूनच ते जवळ आहे असे धरून त्यांनी वारंवार जागा बदलली. अखेर ठिकाण दाखविले ते पोलिसांच्या हाती सापडलेल्या त्यांच्याच एका यंत्रज्ञाने. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

पुढे हाच पेच गणितज्ञांपुढे उलट बाजूने आला. आता ठिकाण नव्हे, मजकूर लपवावयाचा होता. १९७५ मध्ये अमेरिकेतील एरन वायनर यांनी दाखविले की, ज्याच्यासाठी संदेश आहे त्याला चोरून ऐकणाऱ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत असेल, तर गुप्त किल्लीवाचूनही मजकूर सुरक्षित पाठविता येतो. परंतु चोरून ऐकणारा स्वतः काही बोलत नाही. मग त्याचा कान किती तीक्ष्ण आहे हे समजावे कसे? यावर पुढील संशोधकांनी युक्ती काढली ती अशी: अनेक आकाशतारा वापरून आपल्या श्रोत्याची बाजू सोडून इतरत्र मुद्दाम गोंगाट पसरावयाचा. मात्र श्रोत्यापर्यंतची वाटही अचूक मोजता येत नाही. मोजणी चुकली की गोंगाट आपल्याच माणसाच्या कानी पडतो. म्हणून संदेशाचा वेग थोडा कमी ठेवून चुकीला जागा ठेवावी लागते.

आमच्या मते १९४२ च्या मंडळींचा आणि या गणिताचा धडा एकच आहे. परक्या कानाविषयी आपले ज्ञान अपुरे असते, तेव्हा तो आपल्या अंदाजापेक्षा तीक्ष्ण आहे असे समजून वागावे. लहरींचे रक्षण अशा हिशेबाने होऊ शकते. मनुष्याच्या निष्ठेचे रक्षण मात्र मनुष्यालाच करावे लागते.