कोतवाल, पाटील आणि सिद्धगड

वर्गात हजेरी घेताना मला पुष्कळदा वाटते, आपण मुलांची नावे घेत नसून जुन्या दरबाराची गणती करीत आहोत. चिटणीस हजर, सबनीस हजर, पोतदार गैरहजर! यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस पत्रे लिही, सबनीस गडावरच्या माणसांची हजेरी मांडी (म्हणजे माझाच धंदा!), आणि पोतदार नाणी पारखी. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी प्रधानांचे फारसी हुद्दे बदलून संस्कृत केले. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला. पण मुजुमदार आणि डबीर ही आडनावे काही हलली नाहीत. हुद्दा एकदा वतनी होऊन बापाकडून मुलाकडे गेला, की तो घराला चिकटे. ग्रीकांतही पापादोपुलोस म्हणजे धर्मगुरूच्या मुलाचे घराणे. मग वंशज दुकान का चालवीत असेना!

गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडी गेलो होतो. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे इंग्रज सरकारच्या पोलिसांनी येथे आझाद दस्त्याला घेरले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारी ही माणसे. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हे सांगत असता एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, कोतवाल म्हणजे पोलीसच ना? मग पोलिसांनी त्यांना का मारलं?"

मला चटकन उत्तर सुचेना. पोरीचे बरोबर होते. कोतवाल म्हणजे मूळचा कोट्टपाल, कोट राखणारा. पुढे शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे आला. पाटील हा ताम्रपटांतला पट्टकील, गावचा वसूल सरकारात भरणारा. दोन्ही नावे राजसत्तेच्या चाकरीची. आणि माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकिली शिकलेले. कायद्याचे जाणकार असून त्यांनी सरकारशी वैर पत्करले. महसुली पाटीलकी तर पुढे 1962 च्या कायद्याने गेली. पाटील मात्र गावोगाव आहेत.

एवढे सगळे त्या मुलीला कसे सांगणार? मी इतकेच म्हणालो, "बाळ, नाव आजोबा-पणजोबांच्या नोकरीचं असतं. काम ज्याचं त्यानं निवडायचं."

तिचे स्वतःचे आडनाव हवालदार. जुन्या काळी गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असत, हे तिला उतरताना सांगितले. ती थबकली, आणि वळून गडाकडे पाहत राहिली.