लिंचबर्गचे निमंत्रण

अमेरिकेतल्या धार्मिक उजव्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक निवडणुकीच्या हंगामात. त्यामुळे त्यात आरोप भरपूर आणि इतिहास थोडा असतो. मी हा विषय माझ्या परीने वाचत आलो आहे आणि पुन्हा पुन्हा एका संध्याकाळपाशी येऊन थांबतो. ३ ऑक्टोबर १९८३ रोजी सिनेटर एडवर्ड केनेडी व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग या गावी, लिबर्टी बॅप्टिस्ट कॉलेजात भाषण द्यायला गेले. कॉलेजचे संस्थापक होते रेव्हरंड जेरी फॉलवेल. एक उदारमतवाद्यांचा म्होरक्या, तर दुसरा पुराणमतवादी ख्रिस्ती चळवळीचा सर्वांत ओळखीचा चेहरा.

फॉलवेल मुळात राजकारणापासून दूर राहणारे. १९५६ साली, अवघ्या बावीस वर्षांचे असताना, त्यांनी लिंचबर्गमध्ये चर्च सुरू केले. १९६५ मध्ये, सेल्माच्या मोर्चांनी देश ढवळून निघाला असताना, त्यांनी प्रवचनात बजावले होते की धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नाही. त्याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. मधल्या काळात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा निकाल आला होता. सरकारी शाळांनी चालवलेल्या प्रार्थना त्याआधीच, १९६२ च्या निकालाने, घटनाबाह्य ठरल्या होत्या. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत धोक्यात आली, हेही एक कारण काही इतिहासकार पुढे करतात. ते बाजूला सारता येत नाही. पण लाखो साध्या, चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना आपले घर आणि आपली मुले आपल्या हातून निसटत आहेत असे खरोखरच वाटत होते, हेही तितकेच खरे.

निमंत्रणाची हकिगत गमतीची आहे. उजव्या संघटना देणग्यांसाठी घरोघर पत्रे पाठवत, आणि त्या पत्रांत केनेडी हे नाव बागुलबुवासारखे वापरले जाई. एकदा पत्त्यांच्या यादीतल्या घोळामुळे 'मॉरल मेजॉरिटी'चे सदस्यत्वाचे कार्ड थेट केनेडींनाच गेले. वर्तमानपत्रात बातमी आली. संघटनेचे प्रवक्ते कॅल थॉमस यांनी कार्ड परत मागणार नाही असे मिश्कीलपणे सांगितले आणि वर, आमचे कॉलेज पाहायला या, असेही सुचवले. केनेडींनी ते मनावर घेतले.

भाषणाची सुरुवात त्यांनी थट्टेने केली. येत्या शनिवारी विद्यार्थ्यांना रात्री एक तास जास्त बाहेर राहू द्या, मी रविवारी फॉलवेल यांचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहीन, असा सौदा त्यांनी मांडला. नंतर मात्र त्यांनी मुद्द्याला हात घातला. धर्म आणि शासन वेगळे ठेवायचे म्हणजे राजकारणातून नीती हद्दपार करायची असे नव्हे, हे त्यांनी आधीच मान्य केले. मग चार कसोट्या सांगितल्या. धर्माचे स्वत्व जपावे, म्हणजे प्रत्येक सरकारी धोरणावर देवाचा शिक्का मारू नये. सद्सद्विवेकाने काढलेल्या वेगळ्या निष्कर्षाचा मान राखावा. सार्वजनिक चर्चेत श्रद्धेला पुराव्याच्या जागी बसवू नये. आणि चौथी, मतभेद असणाऱ्याच्या हेतूचा आदर करावा. मतभेद जितका खोल, तितकी समोरच्याचा प्रामाणिकपणा मान्य करण्याची जबाबदारी मोठी, असे त्यांचे म्हणणे होते.

हा उपदेश बॅप्टिस्टांना नवा नव्हता. अठराव्या शतकात याच व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केल्याबद्दल बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात गेले होते. १७८६ चा व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हावा म्हणून बॅप्टिस्टांनीच जोर लावला होता. धर्म आणि शासन यांच्यामधल्या भिंतीची जेफरसन यांची प्रसिद्ध उपमाही १८०२ साली कनेक्टिकटच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात आली. जपून ठेवायच्या परंपरेत हेही होते, याची आठवण करून द्यायला त्या रात्री एक कॅथलिक पाहुणा आला होता.

इथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण १ जुलै १९८७ रोजी रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले, आणि तासाभरात केनेडी सिनेटमध्ये उभे राहिले. बोर्क यांच्या अमेरिकेत स्त्रियांना गल्लीबोळात चोरून गर्भपात करावे लागतील आणि काळ्यांना उपाहारगृहात वेगळे बसावे लागेल, असे चित्र त्यांनी रंगवले. बोर्क ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले गेले. इंग्रजीत त्यांच्या आडनावाचे क्रापदच झाले, आणि उजव्यांच्या मनात ती जखम राहिली. चौथी कसोटी सांगणाऱ्यानेच ती बाजूला ठेवली होती. फॉलवेलही मागे राहिले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, पॅट रॉबर्टसन यांच्या कार्यक्रमात, त्यांनी स्त्रीवादी, समलिंगी आणि गर्भपाताचे समर्थक यांच्यावर त्या संहाराचा दोष टाकला. नंतर त्यांना माफी मागावी लागली.

मग लिंचबर्गची संध्याकाळ हे नुसते नाटक होते का? मला तसे वाटत नाही. फरक श्रोत्यांचा आहे. १९८७ मध्ये केनेडी आपल्या बाजूच्या लोकांना जागे करत होते, २००१ मध्ये फॉलवेल आपल्याच माणसांत बसले होते. लिंचबर्गमध्ये मात्र ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर होता. समोरच्याच्या हेतूवर संशय घेणे त्याच्या पाठीमागे सोपे, तोंडावर कठीण. आपल्याकडे 'मतभेद असावेत, मनभेद नसावेत' असे आपण सहज म्हणून जातो. ते घडायला समोरासमोरची जागा लागते, आणि अशी जागा कुणीतरी मुद्दाम उघडावी लागते. त्या वेळी ती पुराणमतवाद्यांनी उघडली होती, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पुढे कॉलेजचे लिबर्टी विद्यापीठ झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी समाजवादी सिनेटर बर्नी सँडर्स तिथे बोलले. गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर आपले पटत नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आणि मग गरिबीकडे वळले. आज तिकडे दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या वाहिन्या पाहतात, आपापल्या सभांना जातात आणि दुसऱ्याविषयी त्याच्या पश्चात बोलतात. श्रद्धा त्यांच्याकडे आजही भरपूर आहे. कमी पडली आहेत ती निमंत्रणे.