वेसाव्याचे फोटो कुठे राहिले

जुन्या फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का असायचा. त्यात स्टुडिओचं नाव, आणि खाली शाईने लिहिलेला एक नंबर. गिऱ्हाइकाला तो शोभेचा वाटे, पण आमच्या धंद्याचा सगळा कारभार त्या नंबरावर चाले. नंबर सांगितला की रजिस्टर उघडायचं, पाकीट काढायचं, निगेटिव्ह एन्लार्जरला लावायची. लग्नाला वीस वर्षं झालेली बाई यायची, म्हणायची, “भाऊ, सासऱ्यांचा तेवढा मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय.” आणि तो व्हायचा. वेसावे कोळीवाड्यात हळदी आणि लग्नं काढत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मांडवी गल्लीतल्या आणि डोंगरी गल्लीतल्या बऱ्याच भिंतींवरचे आजे-पणजे मला पाकिटातून ओळखीचे आहेत.

मुंबईत हा उद्योग जुना. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 सालची, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडीहून एका वर्षाने लहान. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींतले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हापासून डिजिटल येईपर्यंत रीत एकच राहिली: मूळ फोटोग्राफरकडे, प्रत घरी. याला कोणी बॅकअप म्हटलं नाही, पण तो बॅकअपच होता. एक प्रत नवरीच्या माहेरी जायची, एक सासरी, एखादी मढला मामाकडे. एका घराचं छप्पर गळलं तरी फोटो दुसऱ्या घरी असे.

मूळ मात्र बेभरवशाचं. फिल्मच्या थरात चांदी असते. जुन्या निगेटिव्ह आणि सिनेमाची रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात जात. आपल्या मूक चित्रपटांचा मोठा हिस्सा आगीत, दमटपणात आणि या चांदीच्या हव्यासात संपला. दादासाहेब फाळक्यांचंच पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळांचा चित्रपट. पुढे 1917 मध्ये त्यांनी तो पुन्हा चित्रित केला. आज पहिलं आणि शेवटचं रीळ हाती आहे, आणि ते 1913 चं की 1917 चं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. 1931 च्या ‘आलम आरा’ या बोलपटाचं तर तेवढंही उरलेलं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी गोदामांतून आणि जुन्या निर्मात्यांच्या घरांतून डबे गोळा केले, म्हणून आपण निदान वाद घालू शकतो. त्या पुण्यातच 8 जानेवारी 2003 रोजी नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट एकदा पेटलं की विझवता येत नाही, त्याच्या जळण्यातून त्याला स्वतःचा प्राणवायू मिळतो. ज्यांची प्रत दुसरीकडे होती ते चित्रपट राहिले.

आमच्याकडे डिजिटल आलं ते त्याच सुमारास. लॅबवाले म्हणाले, आता रोल नाही, धुणं नाही, निगेटिव्ह सांभाळायला नको. सगळ्यांना हायसं वाटलं. कार्ड कॉम्प्युटरवर खाली करायचं, सीडी द्यायची, कार्ड परत मोकळं. पाकीट गेलं, रजिस्टर गेलं. घरोघरी जाणाऱ्या प्रतीही गेल्या, कारण लोक सीडी कपाटात ठेवून मोकळे झाले. आमच्या हवेत सीडीचा चकाकता थर कडेने उठतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. नंतर कित्येक दिवस लोक भिजलेले अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत होते. ओले फोटो वाळू द्यायचे नाहीत, वाळले की एकमेकांना चिकटतात. स्वच्छ पाण्यात बुडवून अलगद सोडवायचे आणि मग चिमट्याने टांगायचे. निगेटिव्हही तशाच धुवायच्या. गाळातून निघालेली निगेटिव्ह धुऊन मी प्रिंट काढले आहेत. भिजलेल्या कॉम्प्युटरचं काय करायचं, हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढे लॅमिंग्टन रोडवरून बाहेरच्या हार्डडिस्क आल्या. एका लग्नाचे दोन हजार रॉ फोटो, प्रत्येकी पंचवीस एमबी, म्हणजे पन्नास जीबी. पूर्वी कपाट भरायचं, आता पाच वर्षांची लग्नं एका डबीत. आत चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीने तरंगतं. ते बिघडलं की डबी वाजते: टक, टक, टक. आवाज आला की पहिलं काम वायर काढणं. पुन्हापुन्हा लावून पाहणारे, फ्रीजमध्ये ठेवणारे, दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणारे मी पाहिले आहेत. बिघडलेलं हेड प्रत्येक फेरीला चकती खरवडतं, आणि खरवडलेली जागा जगातली कोणतीही लॅब परत आणत नाही.

जाणकार माणूस धूळविरहित खोलीत डबी उघडतो, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवतो आणि आधी सगळी चकती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवतो. शोधाशोध त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर नाही. डिस्कवरची फायलींची यादी मोडली असली तरी जेपेग फोटो सापडतात, कारण त्या प्रत्येक फाईलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते. जातात ती नावं. हळद कोणाची, साल कोणतं, काही नाही, नुसते आकडे लावलेले हजारो चेहरे. रजिस्टर नसलेली पाकिटंच ती. अशा एका डिस्कमधले चेहरे आम्ही लावले, ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत सोन्याचा नारळ कोणी धरलाय यावरून त्यांनी वर्ष ओळखलं.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तीन-दोन-एकचा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्या आजीने अल्बमची प्रत मढला पाठवताना हेच केलं होतं, फक्त तिला नियम माहीत नव्हता. दोन डिस्क एकाच खणात ठेवणाऱ्यांना मी बॅकअपवाले मानत नाही. खणात पाणी शिरलं तर दोन्ही जातात. क्लाउडवालेही पैसे भरणं थांबलं की फार काळ थांबत नाहीत.

तेव्हा आता मी पेनड्राइव्ह देतानाच सांगतो. घरी उतरवा, दुसरी प्रत वेसाव्याबाहेर राहणाऱ्या बहिणीकडे द्या, आणि पन्नास तरी फोटो कागदावर काढा. प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. माझ्याकडे तुमचा डेटा पाच वर्षं राहील. त्यापुढचं मी लिहून देत नाही.