पडद्यावरचा सारीपाट

आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरी माडीवरच्या पेटीत कापडाचा एक पट असे. लाल मांजरपाटावर काळ्या दोऱ्याने घरे शिवलेली, सोंगट्या लाकडाच्या, आणि फाशांच्या जागी कवड्या. पावसाची झड लागून शेतीची कामे थांबली की आजी तो पट ओटीवर पसरी. शेजारणी जमत. एकेक डाव दोन दोन दिवस चाले. हरली तर आजी कवड्यांना बोल लावी; जिंकली तर श्रेय मात्र स्वतःच्या अकलेचे! पण हा पट केला कुणी, असे मी विचारले की ती एवढेच म्हणे, "पूर्वीपासूनचा आहे."

हे उत्तर मला पुन्हा आठवले ते २०२० सालच्या टाळेबंदीत. शाळेला कुलूप होते. सकाळी गावातून चक्कर मारावी तो ओट्याओट्यावर चौघेजण एकाच मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेले दिसत. पडद्यावर लुडोचा पट, चार रंगांच्या सोंगट्या, बोट लावले की फासा गडगडे. मी सहज विचारले, "हा खेळ कुणी केला रे?" एकजण म्हणाला चीनने, दुसरा म्हणाला अमेरिकेने. मीही मनात अमेरिकाच धरली होती. पुढे कळले की 'लुडो किंग' नावाचा तो खेळ नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली काढला, आणि ती कंपनी उभारणारे विकास जयस्वाल मूळचे पाटण्याचे. त्या टाळेबंदीनंतर लवकरच तो खेळ पन्नास कोटींहून अधिक वेळा मोबाइलवर उतरवून घेतला गेला. इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला आपल्या ओट्यावरच्या वस्तूचे मूळ ठाऊक नसावे, याची मला लाज वाटली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. संगणकाचे शास्त्र मला कळत नाही. परंतु वस्तू कुणी केली आणि नाव कुणाचे लागले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. तेवढ्यापुरता मी त्याच्या मागे लागलो.

खेळ रचण्याची आपली परंपरा लहान नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. देवांनाही ज्या खेळात रुसवेफुगवे चुकले नाहीत, तो खेळ समाजात किती मुरलेला असला पाहिजे! सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो. त्यात शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले असत. इंग्रज ते पट आपल्या देशी घेऊन गेले. तेथे सापशिडी नवी वस्त्रे नेसून दुकानात बसली, आणि आपल्या पचिशीवरून बेतलेल्या खेळाचे लुडो या लॅटिन नावाने १८९६ साली पेटंट निघाले. लुडो म्हणजे 'मी खेळतो'. पुढे तोच डाव पुठ्ठ्याच्या घडीत बसून आपल्याकडे परत आला, आणि आम्ही तो विलायती म्हणून विकत घेतला. त्यांनी चोरी केली, असे मी म्हणत नाही. खेळ वाऱ्यासारखा असतो, तो कुणाच्या कुंपणात राहत नाही. पण कुंपण नसले तरी दारावर पाटी असू शकते, आणि ती लावण्याची सवय आपल्याला नव्हती.

येथे दोन गावांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एक आपले सावंतवाडी. तेथले चितारी गंजिफा रंगवीत: वाटोळी पाने, लाखेचा चकचकीत हात, दशावतारी डावाला एकशे वीस पाने, प्रत्येक पान हाताने काढलेले. छापील पत्त्यांपुढे हा धंदा मागे पडत गेला. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना आसरा दिला, म्हणून कला जगली. दुसरे गाव जपानातले क्योटो. तेथे १८८९ साली एक दुकान निघाले. तेही हाताने केलेले फुलांचे पत्तेच विके. त्या दुकानाचे नाव निन्तेन्दो. पत्त्यांवरून ते खेळण्यांवर गेले, खेळण्यांवरून विजेच्या खेळांवर, आणि १९८१ साली त्यांच्या 'डाँकी काँग'मधला मिशीवाला गडी पुढे मारिओ म्हणून जगभर पोचला. आमच्या तालुक्यातल्या सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजाराशेजारच्या एका तंबूत, तोच गडी लहानपणी मला भेटला होता! दोन्हीकडे पत्ते, दोन्हीकडे हात तितकेच कसबी. मात्र सावंतवाडीचे पान राजवाड्याच्या कपाटात गेले आणि क्योटोचे पान सारंगखेड्याच्या तंबूत आले. फरक बोटांत नव्हता. गिऱ्हाइकाच्या मागे जाणारी पेढी तेथे होती, येथे नव्हती.

आपल्याकडे अशी पेढी उभी राहावयास शतक संपावे लागले. १९९७ साली बंगळुरात राजेश राव यांनी ध्रुवा इंटरअॅक्टिव्ह काढली. १९९९ साली मुंबईत विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स. दोघांपुढचा पेच एकच. देशात घरोघर संगणक नव्हते, आणि खेळासाठी पैसे मोजण्याची रीत तर मुळीच नव्हती. इंडियागेम्सने मोबाइलच्या वीतभर पडद्याची वाट धरली. ध्रुवाने परक्यांची मजुरी पत्करली. 'फोर्झा' या विख्यात शर्यतीच्या खेळांतल्या मोटारींची कारागिरी बंगळुरात होऊ लागली. २००४ सालापासून गुरगावची लक्ष्य डिजिटल हेच काम करू लागली, आणि २००८ साली फ्रान्सच्या युबीसॉफ्टने पुण्यात आपली शाखा मांडली. पुष्कळ जाणकार या मजुरीला नाके मुरडतात. मला ते पटत नाही. सुतार आधी दुसऱ्याच्याच घराची दारे करतो. या वीस-पंचवीस वर्षांत शेकडो मुलांचे हात वळले, वेळेवर काम देण्याची शिस्त लागली. या उद्योगाचे आज जर कोणते खरे भांडवल असेल तर ते हे हातच होत. अर्थात पेढ्यांच्या पाट्या मात्र बदलत राहिल्या. लक्ष्य २०१४ साली परदेशी कंपनीने घेतली, ध्रुवा २०१९ साली अमेरिकेच्या रॉकस्टारने.

ही मजुरी मला पुस्तकांतून कळली नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशाच एका ठिकाणी नोकरीला आहे. मागल्या दिवाळीला तो गावी आला, तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, पण तू तेथे करतोस काय?" तो म्हणाला, "सर, मी दगड करतो." मला थट्टा वाटली. त्याने खिशातून मोबाइल काढून एका परदेशी खेळातली किल्ल्याची भिंत दाखवली. तिचे दगड त्याने आठ महिने घडवले होते. शेवाळ कोठे चढेल, पाणी कोठून ओघळेल, चुना कोठे सुटेल, सारे बारकाईने केलेले. "शेवाळ आपल्या विहिरीचे आहे," तो हळूच म्हणाला. मग त्याने खेळाच्या शेवटी सरकणारी नामावळी लावली. नावे मुंगीएवढी, आणि त्यांची रांगही मुंग्यांच्या रांगेसारखी न संपणारी. त्याचे नाव आले तेव्हा त्याने पडदा बोटाने थांबवला. मी चष्मा पुसून वाचले. बोट उचलताच ते वर निघून गेले.

आता मला एक कबुली दिली पाहिजे. हा मुलगा आठवीत असताना गणिताच्या चौकटीच्या वहीत खेळांचे नकाशे काढीत बसे. चोरवाटा, दारे, किल्ल्या, कोठे शत्रू उभा, कोठे खजिना. एकदा माझ्या तासाला तो त्यातच बुडालेला आढळला. मी वही हिसकावून घेतली, सर्व वर्गासमोर "यावर पोट भरणार आहे काय तुझे?" असे विचारले आणि ती माझ्या कपाटात टाकून दिली. त्याचे पोट आज त्यावरच भरते आहे. पण त्या वहीतले खेळ त्याचे होते आणि आज तो घडवतो ते दगड दुसऱ्याच्या किल्ल्याचे आहेत, हे त्याच्याशी बोलताना मला सारखे टोचत होते.

दुसऱ्याचा किल्ला संपूर्ण बांधून देण्याची संधीही एकदा आली होती. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुण्या-मुंबईच्या शाखा करणार, असे युबीसॉफ्टने २०२० साली जाहीर केले. पहिली चित्रे पाहून जगभरच्या खेळाडूंनी नावे ठेवली, आणि २०२२ साली ते काम कॅनडात मॉन्ट्रियलला नेण्यात आले. कसूर कुणाची, हे मी दुरून सांगू नये. मात्र त्याच २०२० सालच्या ऑगस्टात पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बाहेर पडला. मूठभर माणसांचे काम. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी जमली नाही. तरी त्यांनी हातचे काम सोडले नाही. राक्षसांनी नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी नावाची मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तू आणि छायाबाहुल्यांचे प्रवेश. त्या वर्षीच्या जागतिक पारितोषिकांत पहिल्या कृतीच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. त्यातल्या भिंतीही कुणीतरी दगड दगड करूनच रचल्या असतील. पण किल्ला आपला होता.

'राजी'ला मान मिळाला, 'लुडो किंग'ला माणसे मिळाली. रसिकाने पहिल्याची बाजू घ्यावी अशी रीत आहे. मला मात्र दुसऱ्याकडूनही शिकण्यासारखे दिसते. स्वस्त मोबाइलवर चालणारा, इंटरनेट नसले तरी अडून न बसणारा, एकच यंत्र चौघांत फिरवता येणारा असा तो खेळ आहे. म्हणजे त्याच्या कर्त्यांना आपला ओटा ठाऊक होता. २०१६ साली जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले हे खरे, परंतु ती स्वस्ताई साऱ्यांनाच लाभली. चौघांनी डोकी जुळवून बसावे आणि यंत्र एकाकडेच असावे, ही आपली गरिबी नव्हे, ती आपली खेळण्याची पद्धत आहे, हे ज्याने ओळखले त्याने बाजी मारली.

या उद्योगाच्या भरभराटीचे जे मोठमोठे आकडे छापले जात, त्यांतला सर्वांत मोठा वाटा पैसे लावून खेळण्याचा होता, हे येथे सांगणे भाग आहे. पत्ते पिसण्याला खेळ घडवणे म्हणत नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा ते आकडे एकदम ओसरले. युधिष्ठिराची गोष्ट दरवर्षी मुलांना सांगणाऱ्या मला त्याचे दुःख झाले नाही. त्याच कायद्यात निव्वळ खेळांना उत्तेजन देण्याची भाषा आहे, आणि खेळ घडवण्याचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्थाही मुंबईत २०२५ सालीच सुरू झाली. भाषेचे काम कसे होते ते पुढे दिसेल.

त्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी मी कपाट उपसले. वही सापडली. कडेची दोन-तीन पाने वाळवीने खाल्ली होती. संध्याकाळी तो आला तेव्हा काही न बोलता मी ती त्याच्या हातात दिली. त्याने ओटीवरच्या दिव्याजवळ बसून पाने उलटली, स्वतःशीच हसला आणि एका नकाशावर थांबला. "सर, येथे चुकलेच होते," तो म्हणाला. "ही किल्ली घेतली की मागचे दार बंद होते. मग गडी आतच अडकणार." मी म्हणालो, "मग?" त्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली.