क्रूसारोपणाची ख्रिस्ती मीमांसा

नाझरेथच्या येशूला रोमन सत्तेने जेरूसलेम नगराबाहेर क्रूसावर खिळून देहदंड दिला. या घटनेचा ख्रिस्ती धर्मविचाराने लावलेला अर्थ, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. ही घटना वल्हांडणाच्या सणाच्या सुमारास, इ. स. ३० किंवा ३३ मध्ये घडली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती का घडली, या प्रश्नाला एक उत्तर इतिहासाचे आहे व दुसरे श्रद्धेचे. पहिले उत्तर न्यायालय, आरोप व शिक्षा यांच्या भाषेत दिले जाते. दुसरे पाप, प्रायश्चित्त व मुक्ती यांच्या भाषेत. दोहोंची गल्लत झाल्याने पुष्कळ अनर्थ ओढवले आहेत, म्हणून प्रथम इतिहासाचे उत्तर पाहणे इष्ट ठरते.

क्रूसारोपण ही रोमन शिक्षा होती. ती मुख्यत्वे गुलाम, बंडखोर व दरोडेखोर यांना देत. रोमन नागरिकाला ती सहसा होत नसे. यहुदी धर्मशास्त्रात ईश्वरनिंदेसाठी दगडमार सांगितला आहे. येशू क्रूसावर मरण पावला, यावरूनच त्याच्यावरील अंतिम आरोप राजकीय होता, हे उघड होते. त्याच्या डोक्यावर लावलेल्या फलकावर ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहिले होते, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. शिक्षा फर्मावणारा पाँटियस पायलट हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता. रोमन इतिहासकार टॅसिटस याने या देहदंडाचा उल्लेख केला असून, कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेल्या शिलालेखात पायलटचे नाव आढळले आहे. मंदिरातील व्यापाऱ्यांना येशूने हुसकून लावल्यामुळे पुरोहितवर्ग बिथरला आणि सणाच्या गर्दीत दंगा होईल, ही भीती रोमन अधिकाऱ्यांना होती. या दोहोंच्या संगनमतातून त्याचा अंत झाला, असे सामान्यतः मानले जाते.

हा दोष पुढे समस्त यहुदी जातीच्या माथी मारण्यात आला आणि यूरोपात त्यांचा शतकानुशतके छळ झाला. वस्तुतः ट्रेंट परिषदेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन प्रश्नोत्तरीतच, पाप करीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा दोष यहुद्यांपेक्षा अधिक मोठा आहे, असे म्हटले होते. तथापि हा विचार लोकमानसात रुजला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्या काळच्या सर्व यहुद्यांना किंवा आजच्या यहुद्यांना या मृत्यूबद्दल जबाबदार धरता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले.

श्रद्धेचे उत्तर अडचणीतून जन्मास आले. खांबावर टांगलेला मनुष्य शापित होय, असे मोशेच्या नियमशास्त्रात म्हटले आहे. मग असा शापित मनुष्य ईश्वराचा अभिषिक्त कसा, हा प्रश्न येशूच्या यहुदी शिष्यांपुढे पहिल्या दिवसापासून उभा होता. त्यांनी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुसऱ्यांच्या अपराधांसाठी दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन येशूला लावले आणि शाप त्याने आमच्यासाठी आपल्या अंगावर घेतला, असा अर्थ केला. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, हे वचन आपल्याला परंपरेने मिळाले आहे, असे संत पॉल सांगतो. म्हणजे क्रूसारोपणानंतर वीसपंचवीस वर्षांत ते रूढ झाले होते. मात्र त्या मृत्यूमुळे पापक्षालन नेमके कसे होते, याचे एकच स्पष्टीकरण नव्या करारात नाही. तेथे यज्ञातील कोकरू, दास सोडविण्याची किंमत, फिटलेले ऋण, शत्रूंचा समेट व मृत्यूवरील विजय अशा अनेक प्रतिमा एकत्र नांदतात. पुढील कोणत्याही सार्वत्रिक धर्मपरिषदेने त्यांपैकी एकीवर अधिकृत शिक्कामोर्तब केले नाही. श्रद्धासूत्रात ‘आमच्यासाठी’ एवढेच म्हटले आहे.

आरंभीच्या धर्माचार्यांना मुक्तिमूल्याची प्रतिमा विशेष भावली. मराठी बायबलात या ठिकाणी ‘खंडणी’ हा शब्द आहे. सुरतेच्या खंडणीचा इतिहास शिकलेला वाचक येथे सहजच विचारील, की खंडणी भरली ती कोणाला? हाच प्रश्न चौथ्या शतकात विचारला गेला होता. न्यिसाच्या ग्रेगरीच्या मते माणूस सैतानाच्या ताब्यात होता. मानवी देहाच्या आमिषाखाली दडलेला देवत्वाचा गळ सैतानाने गिळला व तो फसला. त्याचाच समकालीन नाझिआन्झसचा ग्रेगरी याला सैतानाला मोल चुकते करण्याची ही कल्पना सर्वथा लांच्छनास्पद वाटली.

कँटरबरीचा आर्चबिशप सेंट अँसेल्म (१०३३–११०९) याने सैतानाला या व्यवहारातून वगळले. पाप म्हणजे ईश्वराचा मान हिरावून घेणे. ते ऋण फेडणे माणसाचे कर्तव्य, परंतु ते फेडण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराकडे. म्हणून ईश्वर मानव झाला, असा त्याचा युक्तिवाद आहे. पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) याने भर दिला तो प्रेमावर : क्रूसावरील प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण पालटते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन व इतर धर्मसुधारकांनी ऋणाच्या जागी दंड आणला. पाप्याला भोगावी लागणारी शिक्षा ख्रिस्ताने त्याच्याऐवजी भोगली व ईश्वराचा न्याय अबाधित राहिला, हे त्यांचे मत प्रॉटेस्टंट पंथांत खोलवर रुजले आणि एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर महाराष्ट्रात आले.

तत्पूर्वी दोनशे वर्षे हा विषय मराठी ओवीत अवतरला होता. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टी, आदामाचे पतन व ख्रिस्ताची प्रतीक्षा आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. ही मांडणीच एक उत्तर आहे. आदिपुरुषाच्या अपराधाने स्वर्गाचे, म्हणजे स्टीफन्सच्या भाषेत वैकुंठाचे, दार बंद झाले, हे आधी सांगितल्याखेरीज क्रूस का, हे नव्या श्रोत्याला उमगणार नाही, हे त्याने ओळखले होते. दुःखभोगाचे वर्णन मात्र तो तत्त्वचर्चेत न अडकता कथेच्या अंगाने करतो. धर्मांतरासाठी पोर्तुगीज सत्तेने केलेल्या जबरदस्तीची पार्श्वभूमी या ग्रंथाला आहे, हे विसरता येत नाही; तरीही तो सक्तीने वाचला गेला असता, तर त्याच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या नसत्या व हस्तलिखितांतून तो जतन झाला नसता.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न अधिक टोकदार झाला. डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद मुंबईत १८३१ मध्ये झाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांचे मिशनऱ्यांशी समुद्रकिनाऱ्यावरील वाद १८५७ मध्ये गाजले. अशा वादांच्या मुळाशी असलेली एक अडचण भाषेतच दिसते. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी येशूच्या मृत्यूसाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द योजला. याज्ञवल्क्यस्मृतीचा एक संपूर्ण अध्याय प्रायश्चित्तास वाहिलेला आहे. परंतु तेथे जो पाप करतो, तोच कृच्छ्र, चांद्रायण इ. व्रते आचरतो. एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावे व तेही निरपराध्याने, हे कर्मसिद्धांतात बसत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. तथापि हिंदू आचारात दुसऱ्याच्या कृत्याचे फळ तिसऱ्याला पोहोचत नाही, असेही नाही. पुत्राने केलेल्या श्राद्धाने पितर तृप्त होतात, ही श्रद्धा सर्वपरिचित आहे. या दुव्याचा उपयोग मिशनऱ्यांनी फारसा केला नाही, याचे नवल वाटते.

या पेचातून स्वतः गेलेला पंडित म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–९५). जॉन म्यूर यांच्या मतपरीक्षा या संस्कृत ग्रंथाचे खंडन करण्यासाठी या चित्पावन तरुणाने बनारसमध्ये शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहिला आणि १८४८ मध्ये तोच नेहेम्या गोरे झाला. पुढे षड्दर्शनदर्पणात त्यांनी दर्शनांची कठोर चिकित्सा केली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या ख्रिस्ती होण्यात गोऱ्यांच्या लिखाणाचा वाटा होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे झाला. परंतु तेथील धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद होत राहिले. शास्त्रे वाचताना स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाची वाट बंद असल्याचे त्यांना आढळले होते. आपल्या कमाईवर न मिळणारी मुक्ती क्रूसावरील मृत्यूने कोणालाही मिळते, हा त्या मृत्यूचा अर्थ त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी पटला. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाचे त्यांनी १९०७ मधील आत्मनिवेदनात लिहिले आहे. ज्यांना प्रायश्चित्ताचा अधिकारच नाकारला गेला, त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याने घेतलेले प्रायश्चित्त हा तर्कदोष नव्हता.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी दंडाची भाषा जवळजवळ बाजूला सारली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीच्या अभंगांत ख्रिस्त न्यायासनापुढे उभा असलेला जामीनदार कमी व भक्तासाठी झिजणारी माउली अधिक असतो. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) पुढे नेले व १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ॲबेलार्डशी टिळकांचे साम्य लक्षणीय आहे, पण ते उसने घेतलेले दिसत नाही. ते भक्तिपरंपरेतून आले.

ख्रिस्ती मंडळीबाहेर राहून या मृत्यूचा अर्थ लावणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घ्यावे लागते. गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसविले. त्यांच्या मते तो दीनांचा कैवारी होता व दुष्टांनी त्याचा वध केला; येथे पापक्षालनाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. शतकानंतर मराठी ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मळ (१९३६–९५) यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथे दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येची दिशा दाखविली. क्रूसावर ईश्वराने त्यागल्याची आर्त हाक देणारा ख्रिस्त त्यांना स्वतःच दलित दिसला. फुल्यांचा सामाजिक अर्थ व पारंपरिक श्रद्धा यांची गाठ येथे पडते.

आज पुण्यात या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून बिबवेवाडी येथे आहे. ती इव्हँजेलिकल परंपरेची असून, ख्रिस्ताने पाप्याच्या जागी शिक्षा भोगली, हे त्या परंपरेचे मर्म मानले जाते. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात कॅथलिक धर्मविद्येचे अध्यापन होते. कॅथलिक विचारात क्रूसावरील अर्पण व मिस्साबली यांचे नाते केंद्रस्थानी असते. शब्दांतही भेद आहे : प्रॉटेस्टंट बायबलात ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ आहे, तर कॅथलिक मंडळी पोर्तुगीजांकडून आलेला ‘क्रूस’ हा शब्द वापरतात.

उपासनेत मात्र वादांची तीव्रता ओसरते. उत्तम शुक्रवारी प्रॉटेस्टंट मंदिरांत दुपारी बारा ते तीन या वेळात क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात व उपासनासंगीतातील गीते गायिली जातात. त्यांत टिळकांची पदे असतात. कॅथलिक मंदिरांत त्या दिवशी मिस्सा होत नाही. वसईपासून गोव्यापर्यंत भाविक क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने करतात, दुःखभोगाचे वाचन ऐकतात आणि एकेक करून पुढे येत क्रूसाचे चुंबन घेतात.