अर्ज करणाऱ्या पहिल्या बायका

कॉलेजचा फॉर्म आता आपण मोबाईलवर भरतो. पण एक काळ असा होता, की फॉर्म भरायला बाईला जागाच नव्हती. आज तीच गोष्ट सांगते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. पुण्याची कॉलेजंही तेव्हा त्यालाच जोडलेली. नियम सगळे पुरुष धरून लिहिलेले. ‘तो’ अर्ज करील, ‘तो’ परीक्षेला बसेल. १८८३ साली विद्यापीठाने ठरवलं, की नियमातल्या ‘तो’मध्ये ‘ती’सुद्धा धरायची. एवढ्या एका शब्दाला सव्वीस वर्षं लागली!

त्याच वर्षी कल्याणच्या आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेला गेल्या. वय अठरा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नाव बदललं. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचं म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं आणि कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात आलं. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी पत्रं लिहून धीर दिला आणि पुढे आनंदीबाईंना स्वतःच्या घरी उतरवून घेतलं.

आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं ते २८ जून १८८३ रोजी. ते आजही जपून ठेवलेलं आहे. आपल्याकडे कमी काय आहे, हे त्या लपवत नाहीत. तुमच्या सगळ्या अटी कदाचित पूर्ण होणार नाहीत, माझी गोष्ट वेगळी आहे हे लक्षात घ्या, असं त्या कळवतात. मग तब्येत चांगली आहे, माझी माणसं आणि जात विरोधात असतानाही मी इथवर आले आहे, हे सांगतात. आणि शिकायचं कशासाठी? तर आमच्याकडच्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. मला विचाराल तर एवढा नेटका अर्ज मी दुसरा पाहिला नाही.

प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण क्षयाने गाठलं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. नंबर असा आला, की विलायतेची शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला हवी होती. बाई म्हणून नाकारली. मग तिकडच्या ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड बायकांना पदवी द्यायला लागलं १९२० साली, त्यामुळे कागद हातात आला १९२२ला. आपण दाखल्यासाठी आठ दिवस थांबलो तरी कुरकुरतो!

१९१६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी पुण्यात बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं, आणि तिथे शिकवणं मराठीतून. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आजचं एसएनडीटी ते हेच.

आता आपलं. आमच्या थेरगावात मराठवाड्यातून, खानदेशातून लग्न होऊन आलेल्या पुष्कळ जणी आहेत. बारावी झालेली असते, मग चाकणची कंपनी, मुलं, सासू-सासरे. गटात त्या विचारतात, आता फॉर्म भरता येईल का? येतो. घर सांभाळून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. फॉर्म ऑनलाइन असतो आणि जवळचं अभ्यासकेंद्र निवडायचं असतं. अडतं बहुधा नावावर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र आधी काढून ठेवा. मध्ये वर्षं गेली असतील तर कॉलेज खंडाचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं. फॉर्मवर कोणतं नाव लिहायचं ते केंद्रावर विचारून घ्या आणि शेवटची तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा.