लिंडिसफार्नची बाग

समुद्रकांठीं बाग करणें म्हणजे वाऱ्याशीं वैर पत्करणें होय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थंबरलंड परगण्यांत, लिंडिसफार्न नांवाचें बेट आहे. दिवसांतून दोनदां भरतीनें त्याची वाट बुडते. म्हणून तेथें जाणारा पाहुणा आधीं भरतीचें कोष्टक पाहतो. इ. स. ६३५ मध्यें साधु एडन यानें येथें मठ स्थापिला. सोळाव्या शतकांत उंच खडकावर किल्ला उभा राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं 'कंट्री लाइफ' साप्ताहिकाचे संस्थापक एडवर्ड हडसन यांनीं तो किल्ला घेतला, आणि त्याचें राहतें घर करण्याचें काम एडविन ल्युटेन्स यांजकडे सोंपविलें. पुढें नव्या दिल्लीची आंखणी करणारे ल्युटेन्स ते हेच. किल्ल्याच्या उत्तरेस, उघड्या माळावर, शिबंदीची भाजीची वाडी होती. तिची फुलबाग करण्याचें काम ल्युटेन्स यांच्या जुन्या सहकारी गर्ट्रूड जेकिल यांनीं हातीं घेतलें.

जेकिलबाई मूळच्या चित्रकार. दृष्टि मंदावल्यामुळें बारीक काम सोडावें लागलें, तेव्हां रंगांची जाण त्यांनीं वाफ्यांत उतरविली. कुंचला सुटला, चित्र मात्र सुटलें नाहीं. १९११ सालीं, सत्तरीकडे झुकलेल्या वयांत, त्यांनीं या वाडीचा लागवडीचा नकाशा काढला. वारा आणि मेंढ्या दोन्ही दगडी भिंतींनीं बाहेर ठेवावयाच्या, आणि आंत उन्हाळाभर रंग खेळवावयाचे. यासाठीं त्यांनीं एका हंगामांत फुलून संपणाऱ्या झाडांवर भर दिला. बेत सुंदर खरा, पण नाजूक. पेरणारा हात थांबला कीं चित्र पुसलें जावयाचें.

आणि तसेंच झालें. १९२१ सालीं हडसन यांनीं किल्ला विकला; १९४४ मध्यें तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला; मूळची लागवड मात्र टिकली नाहीं. टिकला तो कागद! १९३२ मध्यें जेकिलबाई वारल्या. त्यांचे नकाशे बिअ‍ॅट्रिक्स फॅरंड या अमेरिकन उद्यानरचनाकार बाईंनीं विकत घेतले, व १९५५ सालीं ते कॅलिफोर्निया विद्यापीठास दिले. अटलांटिकपलीकडे जपलेल्या त्या रेखाटनाबरहुकूम २००३ सालीं बाग पुन्हा लावण्यांत आली.

आज ती लोकांस खुली आहे. कांहीं मिनिटांत फिरून होईल एवढीच ती जागा. एवढ्या मोठ्या नांवाच्या मानानें अंगणच म्हणा ना! भिंतीबाहेर माळावरचें गवत वाऱ्यानें लोळत असतें. आंत स्वीट पीच्या वेलींना फुलें आलेलीं असतात, आणि वाफ्याच्या कडेला लोकरीसारख्या रुपेरी पानांचें स्टॅकिस पसरलेलें असतें. बांकावर बसलेले पाहुणे मात्र मधूनमधून घड्याळ पाहतात. भरतीपूर्वीं त्यांना वाट ओलांडावयाची असते.